आमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?

गेल्या खेपेला वर्षाच्या डाळी-तांदळाला कीड लागू नये म्हणून काय करावे, ते आपण पाहिले. आज डबे-बरण्या राहू द्या. आज स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यायचे आणि चक्क गावाबाहेर पडायचे. सकाळी निघायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे, अशी एका दिवसाची सहल. "इथं कुठं काय आहे पाहायला?" असे तुम्ही म्हणाल. अगदी हेच वाक्य मी चार वर्षे घोकत होते. त्याची शिक्षा मला कशी मिळाली ते आधी सांगते, म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल.

आम्ही मूळचे वाईचे. सहा वर्षांपूर्वी यांची बदली पोंभुर्ण्याला झाली. पोंभुर्णा! नाव उच्चारतानाच आमच्या घरातल्या मंडळींची जीभ अडखळली. चंद्रपूर जिल्हा एवढे कळले आणि सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "वाघ आहेत गं तिकडे, लेकरांना सांभाळ." महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचे म्हणजे रेल्वे, मग एस.टी., आणि पोहोचेपर्यंत अंगाचे नुसते भरीत.

गाव लहान. भाताची शेते, आठवड्याचा बाजार आणि चोहोबाजूंनी जंगल. शेजार मात्र लाखमोलाचा. पहिल्याच दिवशी समोरच्या आजींनी पाण्याची कळशी आणून ठेवली. तरीही माझे मन काही लागेना. एक ट्रंक तर मी वर्षभर उघडलीच नाही. म्हटले, तीन वर्षांनी परतच जायचे आहे, कशाला सगळे बाहेर काढा! इथल्या शाळेत मला तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवायला मिळाले. मुले गोड, पण बोलणे निराळे. "मॅडम, तुमी कोठून येऊन रायल्या जी?" मी लगेच दुरुस्त करायची, "येऊन रायल्या नव्हे, कुठून आलात." आता आठवले की माझे मलाच हसू येते. परमुलखात येऊन मी त्यांनाच भाषा शिकवत होते!

माझी एक मावसबहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली. पहिल्या सहा महिन्यांत तिने विंडसरचा राजवाडा पाहिला, स्टोनहेंजचे दगड पाहिले आणि समुद्रकिनाऱ्यावरची दोन गावे पाहिली. दर रविवारी डबा बांधून नवरा-बायको निघत. फोनवर फोटो आले की मी म्हणे, "तुझी मजा आहे बाई!" ती परदेशात गेली होती, म्हणून पाहुणीच्या डोळ्यांनी सगळे पाहत होती. मीही माझ्यापुरत्या परदेशातच आले होते की! पण मी काय पाहिले? गॅसचा सिलिंडर कधी येतो, दूधवाल्याने पाणी घातले का आणि कॅलेंडरात उन्हाळ्याची सुट्टी कधी लागते!

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आम्ही साताऱ्याला थोरल्या जाऊबाईंकडे गेलो होतो. अंगणात मुलांचा किल्ला चालला होता. पुतण्या प्रतापगड करत होता, शेजारच्या मुलाने आदल्या वर्षी रायगड केला होता. मी आत चकल्या तळत होते. खिडकीतून मुलांचे बोलणे ऐकू येत होते. पुतण्याने आमच्या थोरल्याला विचारले, "तुमच्याकडे कुठला किल्ला आहे रे?"

तो म्हणाला, "आमच्याकडे काहीच नाही. पाहण्यासारखं काहीसुद्धा नाही. नुसतं जंगल आणि ऊन."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. चकल्या करपल्या, जाऊबाई ओरडल्या, तेव्हा मी भानावर आले. ते वाक्य त्याचे नव्हतेच. ते माझे होते. फोनवर आईशी बोलताना, यांच्याशी भांडताना, पाहुण्यांपुढे मी ते शंभर वेळा म्हटले होते. पोराने ते पाठ केले होते. ज्या गावात त्याला लिहायला-वाचायला आले, ज्या गावच्या मित्रांबरोबर तो रोज खेळतो, त्या गावाची त्याला लाज वाटत होती आणि ती लाज मी त्याला डब्यात भरून दिली होती. त्यातून मी बी.ए.ला इतिहास घेतलेली! चंद्रपूरच्या गोंड राजांबद्दल चार वाक्ये सांग असे कुणी म्हटले असते, तर मला सांगता आली नसती.

परत आल्यावर मी यांना म्हटले, "महिन्यातून एक दिवस बाहेर जायचं."

"इथं काय आहे पाहायला?" हेही तेच म्हणाले.

"तेच पाहायला जायचं," मी म्हटले.

पहिली फजिती

हो-नाही करता करता एप्रिल उजाडला. मुलांच्या परीक्षा संपल्या, मी उत्साहाने निघाले. चंद्रपूरला जाऊन किल्ला पाहायचा. घरातली कामे उरकून निघेपर्यंत साडेनऊ वाजले आणि तटाशी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल मी तुम्हाला काय सांगावे! पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे इथे नवलाचे नाही. वर मी डब्यात बटाट्याची ओली भाजी नेलेली, ती आंबली. पाण्याच्या दोन बाटल्या तासात संपल्या. धाकटीचे तोंड लाल झाले, तिला उलटी झाली आणि ती माझ्या खांद्यावर मान टाकून पडली. किल्ला राहिला बाजूला, आम्ही दवाखाना शोधत फिरलो. डॉक्टरांनी मिठासाखरेचे पाणी दिले, पंख्याखाली झोपवले. संध्याकाळी पोर हसायला लागली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर हे काही बोलले नाहीत, पण त्यांचे न बोलणेच पुरेसे होते. चूक सर्वस्वी माझी होती. पाहुणीसारखे पाहायचे म्हणजे पाहुणीसारखे बेसावध राहायचे नव्हे. ज्या मुलखात राहतो, त्याच्या उन्हापावसाला विचारून निघावे लागते. समोरच्या आजी म्हणाल्या, "बाई, चैत-वैसाखात आमच्या इकडं पाखरू घरट्याबाहेर येत नाही, आन तुमी लेकरं घेऊन निंगाल्या!" त्या दिवसापासून मी आजींना विचारल्याशिवाय बेत आखत नाही.

मग पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, मूलजवळच्या सोमनाथला गेलो. जंगलातले महादेवाचे ठिकाण, झऱ्याचे पाणी, लहानसा धबधबा. मुले पाण्यात मनसोक्त भिजली. जवळच मारोडा गाव आहे. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री कर्मवीर मारोतराव कन्नमवार, जे नोव्हेंबर १९६२ पासून वर्षभर, आपल्या निधनापर्यंत, त्या पदावर होते, ते याच गावचे. इथेच बाबा आमटे यांच्या संस्थेचा सोमनाथ प्रकल्प आहे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी तिथे शेती उभी केली आणि महाराष्ट्रभरातली तरुण मुले तिथल्या श्रमसंस्कार शिबिरांना येत आली आहेत. पुण्या-साताऱ्याची मुले इतक्या लांबून जिथे येतात, ते ठिकाण आमच्यापासून इतके जवळ, आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

राणीची नगरी

डिसेंबरात पुन्हा चंद्रपूर. या वेळी पहाटे पाचला उठले, डबे रात्रीच भरून ठेवले आणि पहिल्या गाडीने निघालो. कोवळ्या उन्हात जटपुरा दरवाजासमोर उभे राहिलो, तेव्हा थोरला पहिल्यांदा "बापरे!" म्हणाला. दरवाजावर हत्तीवर झेपावलेला सिंह कोरला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे, शिवाय पाच खिडक्या म्हणजे लहान दारे. जुन्या शहराभोवतीचा हा तट अकरा किलोमीटरच्या आसपास भरतो. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तटावरची झाडेझुडपे तोडून, कचरा काढून तो साफ करायला घेतला, म्हणून आज त्यावर पाऊल ठेवता येते.

या शहराच्या जन्माची कथा मुलांना फार आवडली. खांडक्या बल्लाळशहा राजाला अंगावर फोड आले होते, कशाने बरे होत नव्हते. एकदा शिकारीला गेला असता त्याने झरपट नदीच्या पात्रातल्या खळग्यातले पाणी प्यायले, हातपाय धुतले आणि त्याला बरे वाटले. राणीने ती जागा शोधायला लावली. तिथेच पुढे अंचलेश्वराचे देऊळ झाले. मग एके दिवशी राजाला दिसले की एक ससा कुत्र्याच्या मागे लागला आहे! कुत्रा पुढे, ससा मागे. राजा चक्रावला. राणी म्हणाली, ही भूमी शूर आहे, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधा आणि नगर वसवा. दंतकथाच ती, पण पाहा हं, शहर वसवायची बुद्धी राणीची!

आणि दुसरी राणी तर इतिहासातली. राणी हिराई. १७०४ साली तिचे पती बीरशहा मारले गेले. तिने दत्तक मुलगा रामशहा याच्या नावाने पुढे सुमारे पंधरा वर्षे कारभार पाहिला. महाकालीचे आजचे देऊळ तिने बांधले. चैत्रात जिच्या यात्रेला मराठवाड्यातून लोकांचे लोंढे येतात तीच ही महाकाली. अंचलेश्वराजवळ तिने पतीची उंच, भारदस्त दगडी समाधी उभारली. राजाने राणीसाठी बांधलेला ताजमहाल आपण शाळेत शिकतो. राणीने राजासाठी बांधलेली ही समाधी माझ्यापासून दीड-दोन तासांवर होती आणि मी तिचे नावही ऐकले नव्हते. समाधीच्या पायरीवर बसून मी मुलांना हे सांगत होते, तेव्हा झाडलोट करणारी एक बाई हातातला झाडू टेकवून ऐकत उभी राहिली. म्हणाली, "रोज झाडतो जी, पन हे बाईमानसानं बांधलं हे आज कळलं." इथे बायकाही स्वतःला असेच 'झाडतो, करतो' म्हणतात, आणि आता मी दुरुस्त करायला जात नाही.

याच शहराच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके या गोंड जमीनदाराला इंग्रजांनी फाशी दिले. सत्तावन्नचा उठाव म्हटला की आपल्याला झाशी आणि कानपूर आठवते. चांद्याच्या जंगलात पंचविशीतला एक तरुण इंग्रजांशी लढला, हे मी इतिहासाच्या तासाला मुलांना सांगितले तेव्हा शेवटच्या बाकावरचा, कधीही तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ते आमच्या लोकाइतले होते." त्या दिवसापासून तो पहिल्या बाकावर बसतो.

दुपारी लालपेठ भागातल्या अपूर्ण देवालयाच्या मूर्ती पाहिल्या. एकेका अखंड दगडात कोरलेल्या प्रचंड मूर्ती, उघड्यावर आडव्या पडलेल्या. सर्वांत मोठी दहा तोंडांची दुर्गा. दहा तोंडे पाहून लोक तिला रावण म्हणतात! रायप्पा नावाच्या धनिक व्यापाऱ्याने मोठे शिवालय बांधायचे मनात घेऊन त्या घडवल्या. तो वारला आणि मूर्ती तशाच राहिल्या. धाकटी म्हणाली, "आई, यांना कुणी घरात घेतलंच नाही?" मुलांच्या प्रश्नांना कधी कधी उत्तर नसते.

आजींबरोबर मार्कंड्याला

जानेवारीत मार्कंड्याचा बेत ठरला तेव्हा समोरच्या आजींना सहज विचारले, "येता का?" अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. त्यांच्या सुनेला वाटले मी गंमत करते. मुलगा म्हणाला, "या वयात कशाला?" आजी मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे नऊवारी नेसून, काठी घेऊन आमच्या ओट्यावर हजर! एस.टी.त कंडक्टरने पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू गाडी त्यांच्याच मालकीची आहे.

वाटेत आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली. आजी खिडकीतून पात्राकडे टक लावून पाहत होत्या. नव्या नवरीच्या वेळी त्या महाशिवरात्रीच्या जत्रेला बैलबंडीने गेल्या होत्या, नदीत डोंग्यात बसून. पुढेही दोन-तीनदा गेल्या, पण प्रत्येक वेळी जत्रेलाच. चामोर्शीला उतरून आम्ही रिक्षा केली आणि मार्कंड्याला पोहोचलो.

मार्कंडा म्हणजे मार्कंडदेव. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात गेले. इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून या जागेला फार पावित्र्य. याला विदर्भाची काशी म्हणतात. नदीकाठच्या एका आवारात एके काळी चोवीस देवळे होती. आज त्यांतली काही उभी आहेत. भिंतींवर देवदेवता, व्याल आणि नाना ढंगांत उभ्या असलेल्या स्त्रिया कोरल्या आहेत. केस, दागिने, वस्त्रांच्या चुण्या, सगळे दगडात! पुरातत्त्व खात्याचे पहिले मोठे अधिकारी कनिंगहॅम दीडशे वर्षांपूर्वी इथे आले होते आणि त्यांनी या देवळांची तोंडभरून स्तुती लिहून ठेवली. त्याच्याही शंभरएक वर्षे आधी मुख्य देवळावर वीज पडून शिखर कोसळले होते, आणि गोंड राजाने ते सावरून घेतले होते. अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याने मुख्य देऊळ दगड-दगड उतरवून पुन्हा रचायला घेतले. आम्ही गेलो तेव्हा परांच्या बांधलेल्या होत्या आणि दगड मांडून ठेवले होते. थोरला म्हणाला, "आई, एवढं मोठं कोडं कोण जुळवणार?"

मी आजींना सावकाश एकेका भिंतीपाशी नेले. त्या काठी टेकत, मान वर करून पाहत होत्या. एका मूर्तीपुढे किती तरी वेळ थांबल्या. मग नदीच्या घाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, साठ वर्सं झाली माह्या लग्नाला. जत्रेत आली का लोकाइच्या पाठी पायल्या, लेकरू हरवल म्हून हात धरला, सैपाक केला, भांडे घासले आन परतली. देऊर असं डोरे भरून आजच पायलं."

मैत्रिणींनो, मी गप्प बसले. मला वाटत होते की मी परकी, म्हणून मला इथले काही ठाऊक नाही. पण जन्म इथे गेलेल्या आजींना तरी कुणी दाखवले होते? आपण बायका माहेरी जातो, लग्नाला जातो, दवाखान्यात जातो, जत्रेला गेलो तरी चूल बरोबर घेऊन जातो. नुसते पाहायला म्हणून आपण कधी जातो? समोर वैनगंगा संथ वाहत होती. मला वाईचा कृष्णेचा घाट आठवला. आठवला, पण त्या दिवशी रडू आले नाही.

तयारीची थोडी टिपणे

तुमचे गाव कोणतेही असो, पुढच्या गोष्टी उपयोगी पडतील. यांतली प्रत्येक गोष्ट मी चुकून शिकले आहे.

१. आधी ऋतू पाहा. आमच्या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा किल्ले-देवळांचा काळ. पावसाळ्यात सोमनाथ, पाथरीजवळचा आसोला मेंढा तलाव छान. मात्र भरलेल्या पाण्याच्या कडेला मुलांचा हात सोडू नका आणि वाहत्या सांडव्यात उतरू नका. मार्चनंतर लांबचा बेत नको.

२. एका दिवशी एक गाव. सकाळी दोन ठिकाणे, जेवण, दुपारी एक. "आलोच आहोत तर तेही पाहू" म्हटले की मुले रडतात आणि मोठी माणसे भांडतात.

३. कोरडा डबा न्यावा. कणकेत थोडे ज्वारीचे पीठ, चवीला मीठ, एक पळी तूप घालून पाण्याचा थेंबही न वापरता दुधात पीठ भिजवावे आणि दशम्या कराव्यात. थंडीच्या दिवसांत त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बरोबर जवसाची चटणी. ही मी आजींकडून शिकले. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, गार करून लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचे. बटाट्याची ओली भाजी, दहीभात उन्हात नेऊ नये.

४. पाणी प्रत्येकी निदान दोन लिटर. उन्हाचा त्रास झाल्यास लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे, सावलीत आडवे करावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे. ग्लानी आली, पाणी पोटात ठरेना, तर वेळ न घालवता डॉक्टरकडे. खिशात कांदा ठेवला म्हणजे झाले, यावर भिस्त नको.

५. बायकांची म्हणून जी अडचण असते तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. पुष्कळ ठिकाणी सोय नसते. एस.टी. स्टँडवर किंवा तालुक्याच्या गावीच उरकून पुढे जावे. त्या भीतीने पाणी पिणे सोडू नका. साबण, कोरडा पंचा, कागदी पिशवी बरोबर असावी.

६. खर्चासाठी घरखर्चाच्या वहीत 'सहल' असे वेगळे पान काढा. मी रद्दीचे पैसे त्यात टाकते. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे आमची सहल भाजीच्या खर्चात बसते.

७. जंगलाचा रस्ता असेल तर पाचच्या आत परत. वाघाला ताडोबाची हद्द ठाऊक नसते. आमच्या गावाच्या शिवारातही तो येतो, म्हणून ही थट्टेची गोष्ट नाही. झुडपांच्या आडोशाला मुलांना एकटे पाठवू नये.

८. बॅटरी विसरू नका. भद्रावतीच्या विजासन लेण्यात डोंगराच्या पोटात सरळ गेलेली लांब वाट आहे आणि शेवटी अंधारात बुद्धाची बसलेली मूर्ती. बॅटरीचा झोत पडला आणि मुले आपोआप गप्प झाली. त्याच गावात भद्रनागाचे देऊळ आहे आणि पार्श्वनाथाचे मोठे जैन मंदिरही. एका गावात तीन धर्मांची ठिकाणे, सगळी एका दिवसात होतात.

९. निघण्याआधी त्या जागेची एक गोष्ट तरी माहीत करून घ्या. मुलांना सनावळ्या लक्षात राहत नाहीत, पण ससा राहतो.

परवाची दिवाळी

या वर्षी आम्ही दिवाळीला साताऱ्याला गेलो नाही. आमच्या अंगणात थोरल्याने माती आणली आणि किल्ला करायला बसला. इकडे मुलांनी दिवाळीत किल्ला करायची पद्धत फारशी नाही, त्यामुळे गल्लीतली सगळी पोरे भोवती जमली. मला वाटले, प्रतापगड करेल. पाहते तर लांबच लांब तट, चार दरवाजे, मध्ये देऊळ. तटाच्या बाहेर मातीचा एक कुत्रा धावतो आहे आणि त्याच्यामागे लांब कानांचा ससा. शिवाजीमहाराजांचे चित्रही त्याने ठेवले होते. म्हणाला, "महाराज पाहुणे म्हणून आलेत."

साताऱ्याच्या पुतण्याला त्याने फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "हा कुठला किल्ला रे?"

"आमच्याकडचा," आमचा मुलगा म्हणाला. मग अर्धा तास त्याचे सांगणे चालले होते. "ससा कुत्र्याच्या मागे लागून राहिला होता," असेही मध्येच म्हणाला. मी आत चकल्या तळत होते. दुरुस्त करायला बाहेर गेले नाही. करपूही दिल्या नाहीत.

यांची बदली आज ना उद्या होईलच, आम्ही इथून जाऊ. तेव्हा ट्रंक भरताना मला जड जाईल, हे आता मला कळून चुकले आहे. तोवर माणिकगड व्हायचा आहे, बल्लारपूरचा वर्धा नदीकाठचा किल्ला व्हायचा आहे. आजींनी तर आत्ताच विचारून ठेवले आहे, "आता कोठी जायचं जी?"

तुमच्या गावापासून एका दिवसात पाहून होईल असे काय आहे, ते येत्या रविवारी शेजारच्या एखाद्या आजींना विचारा. त्यांनी पाहिले नसेल, तर त्यांनाही बरोबर घ्या. आणि काय पाहिलेत, डब्यात काय नेलेत, फजिती काय झाली, ते मला जरूर लिहा.